शेजारची बाजू

४ मार्च, मंगळवार

मिस्त्री म्हणाला, "काका, गाडी नीट चालत नाही, हे काही दुखणं झालं नाही. कुठे दुखतं, कधी दुखतं, किती वेगात दुखतं, ते रोज लिहा. पंधरा दिवसांची वही घेऊन या, मग बघू."

म्हणून ही वही. लिहायचा मला कंटाळा नाही. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. लोकांचे तराजू तपासले, खोटी वजनं जप्त केली, पानंच्या पानं पंचनामे लिहिले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी हात अजून पंचनाम्याच्याच भाषेत चालतो, त्याला इलाज नाही.

तर नोंद. गाडी छोटी, पाच दारांची, वय अकरा. चालवणारा मी, वय बासष्ट, गाडीत एकटाच. चाळीसच्या वेगाला वळणावर बाहेरच्या अंगाला कलते. सरळ रस्त्यावर हळूहळू चालवणाऱ्याच्या बाजूला ओढते. स्टिअरिंगचं चक्र सतत किंचित दाबून धरावं लागतं. दहा मिनिटांत मनगट भरून येतं.

गाडी माझ्या नावावर असली तरी होती हिची. परवाना मी हिच्याआधी काढला, पण पहिल्याच महिन्यात एका भाजीच्या हातगाडीला धडक दिली आणि नंतर चावी कधी मागितली नाही. अकरा वर्षं ही चालवायची, मी शेजारी बसायचो. ती गेल्याला आता सात महिने झाले. अकरा दिवसांचं दुखणं. गाडीशी त्याचा काही संबंध नाही, लोक उगाच विचारतात म्हणून लिहून ठेवतो.

लेक घाटापलीकडे राहते, पाच तासांवर. १६ एप्रिलला ती नवऱ्यापाठोपाठ परदेशी चालली आहे, तीन वर्षांसाठी. तिचं म्हणणं, जायच्या आधी आठ दिवस येऊन राहा. मी म्हटलं, येतो, गाडी घेऊनच येतो. बोलून बसलो. घाटात चौदा आंधळी वळणं आहेत, आणि ही गाडी बाजाराच्या वळणावरच अंग टाकते. आधी गाडीला चाकांवर तोलणारं तिचं सस्पेन्शन सुधारायचं, मग निघायचं.

६ मार्च, गुरुवार

हवा भरून आणली. पंपाच्या कोपऱ्यात हवावाला उलट्या क्रेटवर बसलेला असतो. त्याची मिशी पांढरी झाली, क्रेट तोच आहे. आजही त्यानं विचारलंच, "ताई अजून आल्या नाहीत?"

"नाही. बाहेरगावीच आहे."

"लेकीकडे?"

"हो."

सप्टेंबरात त्यानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा हे तोंडातून निघून गेलं. आता तेच पुढे ओढावं लागतंय. दुकानदारानं एकदा खोटं वजन ठेवलं की दिवसभराची सगळी विक्री खोटीच करावी लागते, हे मी किती जणांना ऐकवलं होतं.

त्यानं नेहमीप्रमाणे चारी चाकं भरली. मी खाली उतरत नाही, आकडाही बघत नाही. त्याचं मीटर मी नोकरीत असताना स्वतः तपासून शिक्का मारलेलं आहे. बिनचूक माणूस, बिनचूक मीटर.

९ मार्च, रविवार

लेकीचा फोन. सहा मिनिटं सात सेकंद. (फोनच सांगतो, मी मोजत नाही.) जेवलात का, काय जेवलात, झोप लागते का. मी तिला गाडीचं सांगत होतो. ती म्हणाली, "बाबा, बसनं या ना सरळ."

"बसमध्ये मला मळमळतं."

"आईबरोबर घाटात कधी नाही मळमळलं ते?"

"तेव्हा गाडी चांगली होती."

"मग आता विकून टाका ती. तुम्हाला तशीही लागत नाही."

मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. दूध आणलेलंच नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

पंधरा दिवस कुठले थांबतोय, आठ दिवसांची वही घेऊन मिस्त्रीकडे गेलो. पन्नाशीचा माणूस, चष्मा दोरीनं गळ्यात, बोलतो कमी आणि ऐकून घेतो त्याहून कमी. वही मात्र त्यानं शेवटपर्यंत वाचली. 'दूध आणलेलंच नव्हतं' तिथे जरा थांबला असावा. गाडीपुरतं वेगळं लिहायला हवं होतं हे घरी आल्यावर सुचलं.

पहिला प्रश्न: "हवा बघितली?"

"हवेबद्दल मला सांगू नका," मी म्हटलं. "दर महिन्याला ठरल्या माणसाकडे भरतो. त्याचं मीटर मी तपासलेलं आहे."

"बरं," म्हणाला, आणि गाडी वर उचलली.

खालून गाडी मी पहिल्यांदाच पाहिली. त्यानं बॅटरीच्या उजेडात एकेक दाखवलं. टायर दिसायला भरलेले, पण रबर म्हातारं होऊन भेगाळलेलं. चाकाला धरणारे जे दांडे असतात त्यांच्या टोकांना रबराचे बुश, ते चिरमटून गेलेले. शॉकअब्सॉर्बर दोन गळके. स्प्रिंगा नंतर बघू म्हणाला.

"क्रम असतो काका. आधी टायर, मग बुश, मग शॉकअब्सॉर्बर, मग स्प्रिंग. लोक उलटं करतात. बूट फाटलेले आणि गुडघ्याचं ऑपरेशन."

गाडी खाली घेताना त्यानं आत डोकं घातलं. "ही शेजारची चटई कशी काय झिजली एवढी? भोक पडलंय. इकडे तर ब्रेक नसतो."

"असतो," मी म्हटलं. तो हसला, मलाही हसू आलं. माझा उजवा पाय अकरा वर्षं तिथं ब्रेक दाबत होता. ही म्हणायची, "अहो, पाय उचला. गाडी मी थांबवते."

१५ मार्च, शनिवार

इंटरनेटवर गाडीवेड्यांचा एक कट्टा सापडला. मी तिथे माझी अडचण लिहिली, तासाभरात सात जणांनी उत्तरं दिली. सात! गेल्या महिन्याभरात माझ्याशी सात माणसं बोलली नसतील. त्यातला 'वळणवेडा' नावाचा एक गृहस्थ फारच मनापासून लिहितो. त्याच्या मते टायरबियर ठीक आहे, पण खरा उपाय म्हणजे आखूड, कडक स्प्रिंगा टाकून गाडी दीड इंच खाली आणायची आणि पुढे जाड स्टॅबिलायझर बार बसवायचा. हा बार दोन्ही चाकांना एकमेकांशी जोडतो. एक बाजू कलायला लागली की दुसरी तिला धरून ठेवते.

दिवसभर आलेखाच्या कागदावर तक्ता केला. पहिल्या रकान्यात मिस्त्रीचा मार्ग, दुसऱ्यात वळणवेड्याचा, तिसऱ्यात दोन्हींची सरमिसळ. वळणावर कलणं, खड्ड्यातला दणका, टिकाऊपणा, प्रत्येकाला दहापैकी गुण. तक्ता सुरेख झाला. 'बघ' म्हणून मान वर केली तर समोर रिकामी खुर्ची. हे अजून होतं. दिवसातून एकदोनदा होतंच. त्यावर कुठला भाग बदलावा ते कट्ट्यावर कोणी सांगत नाही.

१८ मार्च, मंगळवार

तक्ता मिस्त्रीला दाखवला. त्यानं चष्मा लावला, काढला.

"गाडी दीड इंच खाली आणायची?"

"वळणावर कलणं कमी होतं."

"होतं ना. पण आधी तुमच्या गल्लीतला गतिरोधक दीड इंच खाली आणा. नाहीतर रोज पोट घासून घरी याल." मग कागदाची घडी करून मला परत दिला. "काका, शर्यत जिंकायचीय का लेकीकडे जायचंय?"

मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, लेकीकडेच जायचंय, पण घाट आहे.

"घाटात कडक स्प्रिंग म्हणजे चाक उड्या मारणार. चाकानं रस्ता सोडायचा नाही, बाकी काही नाही. कंपनीच्याच मापाच्या स्प्रिंगा टाकू. शॉकअब्सॉर्बर गॅसचे टाकू, थोडे घट्ट. बार जाड नको, जुन्याच बारचे सांधे नवे करू. गाडी साधी आहे, साधीच राहू द्या."

वळणवेड्याला हे कळवलं. त्याचं उत्तर आलं, 'मिस्त्री लोक जुन्या विचारांचे असतात.' त्याला विचारलं, तुम्ही घाटात रोज जाता का? तर म्हणाला, त्याच्याकडे सध्या गाडी नाही, विकली. वाचतो फक्त. मला त्याचा राग आला नाही. मीही एकतीस वर्षांत एकदाही दुकान चालवलं नव्हतं.

२३ मार्च, रविवार

टायर आणि बुश शुक्रवारी झाले, काल हवावाल्याकडे हवाही भरून घेतली. खडखड गेली. कलणं निम्म्यावर आलं. ओढणं तसंच.

फोन आठ मिनिटं. लेक म्हणाली, दहा तारखेला या. सामान बांधतेय. मग म्हणाली, "आईचं कपाट उघडलंत का?"

"दार सुजलंय त्याचं. अडकतं."

"सुताराला बोलवा."

"गाडीचं आटपू दे, मग बघतो."

पलीकडे खोक्यावर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बाबा, आपण कधीच काही बोलत नाही." मी म्हटलं, बोलतोय की, आत्ताच बुशचं सांगितलं. ती हसली की काय केलं ते कळलं नाही.

दार सुजलेलं वगैरे काही नाही. बोट लावलं की उघडतं.

२९ मार्च, शनिवार

आज स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर. मी तिथेच स्टूल टाकून बसलो होतो. मिस्त्रीनं पुढच्या दोन्ही जुन्या स्प्रिंगा काढून फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"हे उलटं आहे," म्हणाला. "सगळ्या गाड्यांची चालवणाऱ्याची बाजू बसते. एकटा माणूस गाडी चालवतो, त्याचं वजन तिकडे. तुमची शेजारची बाजू बसलीय. चालवणाऱ्याची जवळजवळ नवी."

मी म्हटलं, चालवणारीचं वजन पंचेचाळीस किलो होतं. शेजारी ब्याऐंशी.

"रोज?"

"रोज. मला कचेरीत सोडायची, संध्याकाळी न्यायला यायची. सुट्टीच्या दिवशी उगाच फिरायला."

त्यानं फडक्याला हात पुसले. जुन्या स्प्रिंगा भंगारात टाकू का म्हणाला, मी नको म्हटलं. पोत्यात घालून दिल्या.

घरी आणून टेबलावर ठेवल्या आणि माप घेतलं. पट्टीवर भागलं असतं, पण बारीक मापाचा व्हर्नियर काढला. शेजारच्या बाजूची अकरा मिलिमीटर कमी. वर्षाला एक. मी आयुष्यभर म्हणत आलो की हिच्यावर माझा काही भार नाही, माझं मी करून घेतो. चहासुद्धा स्वतः करायचो. आज पुरावा समोर उभा आहे.

रात्रीचं जेवण त्याच टेबलावर केलं. स्प्रिंगा हलवल्या नाहीत.

३० मार्च, रविवार

काल निघताना मिस्त्रीनं चाकांच्या अलाइनमेंटला पाठवलं होतं. तिथल्या माणसानं आधी चारी चाकांची हवा सारखी केली, मग आरसे लावले, दिवे लावले, अर्धा तास खुडबुड केली. आज सकाळी बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर गेलो आणि काय सांगू, गाडी सरळ! साठच्या वेगाला चक्रावरचे हात जरा सैल केले तरी रेघ मारल्यासारखी सरळ. वळणावर बसून वळते, अंग टाकत नाही. खड्डा आला तर एकदाच 'धप' आणि संपलं.

मी मोठ्यानं म्हणालो, "बघितलंस?"

शेजारच्या काचेतून नुसते खांब जात होते. पुढचे चार किलोमीटर रस्ता धूसर दिसत होता, म्हणून गाडी कडेला घेऊन थांबलो. मग परत आलो.

लेकीला कळवलं, दहाला नक्की. ती एवढी खूश झाली की मला स्वतःची लाज वाटली.

६ एप्रिल, रविवार

काल प्रवासाची तयारी म्हणून हवावाल्याकडे गेलो. त्याला सांगितलं, गुरुवारी घाटात जायचंय, लेकीकडे. तो म्हणाला, "वा! म्हणजे येताना ताई बरोबर असणार. चांगली भरून देतो."

आज गाडी पुन्हा ओढतेय. चालवणाऱ्याच्या बाजूला, आणि पूर्वीपेक्षा जास्त. इतकं सगळं बदलून जास्त! मी नवे टायर तपासले, खाली वाकून बुश पाहिले. वही उघडून सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या. काही कळत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

मिस्त्रीशी भांडलो. लिहायला बरं वाटत नाही, पण भांडलो. म्हटलं, तुम्ही कुठली तरी स्प्रिंग चुकीची टाकलीत. मी मापं तपासणारा माणूस आहे, मला फसवू नका. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. तो म्हणाला, "आज माझ्याकडे वेळ नाही. गुरुवारी या."

गुरुवारीच दहा तारीख. लेकीला फोन करून सांगितलं, दोन दिवस उशीर होईल, गाडी ओढतेय.

"बाबा, यायचं नसेल तर तसं सांगा."

"यायचंय गं. घाट आहे, गाडी…"

"मागच्या महिन्यात टायर. मग बुश. मग स्प्रिंग. आता काय, छप्पर?" तिचा आवाज फुटला. "मी तीन वर्षांसाठी चाललेय. आई गेल्यापासून तुम्ही एकदाही इकडे आला नाहीत. मला गाडी बघायची नाहीये."

तिनं फोन ठेवला. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

खरं काय ते इथे तरी लिहावं. गाडी शंभर टक्के सरळ चालली असती तरी मी आणखी काहीतरी शोधलं असतं. तिथे गेलो की ती मला दारात बघणार आणि माझ्या मागे बघणार, दुसरं कोणी उतरतंय का. उतरणार नाही हे तिला माहीत आहे, तरी बघणार. मीही बघितलं असतं.

१० एप्रिल, गुरुवार

मिस्त्रीनं मी उतरताच गाडी आत घेतली. मी माफीचं वाक्य पाठ करून गेलो होतो, ते म्हणायला त्यानं जागाच ठेवली नाही. खिशातून छोटं मीटर काढून तो चाकाशी उकिडवा बसला. एक, दोन, तीन, चार.

"चालवणाऱ्याच्या बाजूची दोन्ही तीस पौंड. शेजारची दोन्ही तेहतीस." वर बघितलं. "हवा कोण भरतं?"

मी मीटर मागून घेतलं आणि स्वतः चारी चाकांना लावलं. तीस, तीस, तेहतीस, तेहतीस. चूक असती तर एका चाकात असती. ही चूक नव्हती.

"ज्या बाजूला हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते," मिस्त्री म्हणाला. "अलाइनमेंटवाल्यानं सारखी केली तेव्हा सरळ चालली. मग कोणीतरी पुन्हा भरली. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, काका. तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवला, ही माझी चूक. शेजारच्या बाजूची दबलेली जुनी स्प्रिंग गाडीला उलट ओढून थोडं झाकत होती, ती बदलली आणि सगळं उघडं पडलं."

एकतीस वर्षं नोकरी. अचानक तपासणी हेच काम. आणि स्वतःच्या चाकाला मीटर लावायला वाकलो नाही.

त्यानं हवा सारखी करून देऊ का विचारलं. मी म्हटलं, नको, जिथं भरली तिथंच जातो.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी नऊला हवावाल्याकडे गेलो. आज खाली उतरलो. विचारलं, शेजारच्या बाजूला तीन पौंड जास्त का भरतोस?

त्याला प्रश्नच कळला नाही. "नेहमीचंच भरलंय साहेब. ताईंनी सांगितलेलं. गाडी नवी होती तेव्हाच म्हणाल्या, आमचे हे जड आहेत, ते बसतात त्या बाजूला तीन जास्त ठेवत जा, आणि त्यांना बोलू नकोस, त्यांना वाईट वाटेल." मग ओशाळून म्हणाला, "आता बोललो. ताई आल्या की सांगू नका बरं का."

आजही सांगता आलं असतं की बरं, नाही सांगत. तोंडात आलंही होतं. पण मग तो तीन पौंड तसेच ठेवणार, आणि मी घाटात तसाच ओढत जाणार.

"ती येणार नाही," मी म्हटलं. "ती गेली. ऑगस्टमध्येच."

तो उभा होता तो क्रेटवर बसला. नळी हातातच होती, तिच्यातून सू सू हवा जात होती. नंतर त्याच्या लक्षात आलं, त्यानं ती बंद केली.

"मग इतके महिने मी कोणासाठी भरत होतो?"

तो चिडला, आणि त्याचं बरोबर होतं. "अकरा वर्षं येत होत्या त्या. माझ्या पोराच्या दुखण्यात रोज थांबून विचारायच्या. मला कळवायचं ना साहेब. मी दर वेळी विचारत होतो की नाही?"

"विचारत होतास."

मग मी रडलो. पंपाच्या कोपऱ्यात, मागे एक टेंपो रांगेत असताना. ती गेल्यापासून लोकांसमोर एकदाही रडलो नव्हतो, त्याचा मला अभिमान होता. टेंपोवाल्यानं भोंगा वाजवला नाही. हवावाल्यानं फडक्यानं क्रेट पुसला आणि मला बसायला दिला.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "काय करू आता?"

"शेजारी आता कोणी बसत नाही," मी म्हटलं. "सारखी कर."

तो शेजारच्या बाजूला गेला आणि दोन्ही चाकांतली हवा सोडली. तीन पौंड म्हणजे फार नसतात. लगेच संपले.

१३ एप्रिल, रविवार

लेकीच्या घरून लिहितोय. काल सकाळी सातला निघालो, दीडला पोचलो. चौदा वळणं मोजली. सातव्या वळणावर समोरून ट्रक आला, मी आत घेतलं, गाडी मुकाट्यानं आत गेली. मिस्त्रीचं कौतुक तोंडावर करायचं राहिलं आहे.

लेक फाटकात उभी होती. मला बघितलं आणि माझ्या मागे शेजारच्या दाराकडे बघितलं. मीही तिकडेच बघत होतो. मग दोघांनाही कळलं की दोघंही तेच करतोय, आणि तिनं मला धरलं. ती मला घाबरून राहिल्यासारखी वाटायची इतके दिवस, आणि मी तिला घाबरून होतो.

घरात खोकीच खोकी. एक सतरंजी, दोन उशा, एक पातेलं एवढंच बाहेर. एकाच पातेल्यातला भात दोघांनी खाल्ला.

१५ एप्रिल, मंगळवार

आज उरलेली कामं करायची होती. लेक म्हणाली, चावी द्या, मी चालवते. मी शेजारी बसलो. अगदी नकळत पाय जागेवर गेला, चटईच्या भोकात.

कोपऱ्यावरच्या पंपावर तिनं गाडी थांबवली, काच खाली केली आणि तिथल्या हवावाल्याला म्हणाली, "माझ्याकडची दोन्ही तीस, इकडची दोन्ही तेहतीस."

मी म्हटलं, "सारखी आहे ती. शुक्रवारीच केलीय."

"तुम्ही बसलाय ना पण."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"आईनं. गाडी शिकवायला घेतली त्या पहिल्या दिवशी. आरसा नंतर, आधी हे."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही म्हणाला असतात, पुस्तकात असं कुठे लिहिलंय दाखव."

म्हणालो असतो. शब्दशः हेच म्हणालो असतो. मी तिला पंपावरचं सगळं सांगितलं, क्रेटसकट. टेबलावरच्या स्प्रिंगांचंही सांगितलं, आणि कपाटाचं दार सुजलेलं नाही हेही. ती एक हात चक्रावर ठेवून रडत होती आणि मधूनच हसत होती. मी म्हटलं, रस्ता बघ. ती म्हणाली, "बाबा, पाय उचला. गाडी मी थांबवते."

संध्याकाळपर्यंत हिच्याबद्दलच बोलत होतो. आम्हाला दोघांनाही ती पुरली.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी लेकीला विमानतळावर सोडलं. "पोचलात की फोन करा," म्हणाली. मी म्हटलं, पोचायला तुला जास्त वेळ लागणार आहे, तू कर. काचेच्या दारापलीकडून तिनं हात केला, मग गर्दीत तिची निळी पिशवी दिसत राहिली, मग तीही दिसेना.

घाटाच्या अलीकडे पंपावर थांबलो. गेल्या गुरुवारी दुकानातून निघताना मिस्त्रीनं त्याचं छोटं मीटर मला ठेवून घ्यायला दिलं होतं. ते काढून चाकाशी उकिडवा बसलो. तीस, तीस, तेहतीस, तेहतीस. शेजारची जागा रिकामी. नियमानं तीन पौंड काढायला हवे होते. असा तराजू मला दुकानात सापडला असता तर जागच्या जागी जप्त केला असता.

चारी टोपणं परत लावली आणि निघालो.

चौदाच्या चौदा वळणं गाडी माझ्या बाजूला ओढत होती. चक्र दाबून धरत आणली. मनगट अजून दुखतंय, लिहिताना जाणवतं आहे.

उद्या सकाळी हवावाल्याकडे जाऊन सारखी करून घेईन. लेक नीट गेली, हेही त्याला सांगायचं आहे.